जप्त लाल गाडीचा जळका डबा बदलू देण्याविषयी

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
कातळेवाडी वनक्षेत्र कचेरी,
ता. जोयडा (सुपा), जि. उत्तर कन्नड.

अर्जदार : सौ. गिरजा कान्हू मिराशी, वय २३ वर्षे, धंदा घरकाम व शेती, मु. कुंभेली, पो. गुंद, ता. जोयडा.

विषय : जप्तीतल्या मोटारीचा 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' नावाचा बिघडलेला भाग बदलण्यास परवानगी मिळून माझ्या पतीस घरी येऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) वनगुन्हा क्र. १४/९५-९६. २) माझ्या पतीने लिहून दिलेले हमीपत्र, दि. ३ मार्च १९९६. ३) आपल्या कचेरीची दोन उत्तरे, दि. १८ एप्रिल व दि. १३ मे.

महोदय,

आत्ता फडताळातले पितळी झाकण मांजराने खाली पाडले. घरात सगळी निजलेली, अंगणात कोंबडीसुद्धा गप्प, आणि ते झाकण फिरत फिरत बराच वेळ वाजत राहिले. माझा हात हलून वर आपल्या हुद्द्यावर शाईचा ठिपका पडला आहे, तो अनादर समजू नये. बाळ एकदा हलले, रडले नाही. म्हणजे मला अजून अर्धा-पाऊण तास मिळेल. तेवढ्यात होईल तेवढे लिहिते, राहील ते उद्या दुपारी. अक्षर मध्येच बदललेले दिसले तर कारण हेच, दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही.

आधीचे दोन्ही अर्ज आम्ही बाजारात कन्नडमधून लिहून घेतले होते. लिहिणाऱ्याने 'कृपा व्हावी' असे पाच वेळा घातले आणि मुख्य गोष्ट राहून गेली. मी खानापूर तालुक्यात माहेरी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले आहे. कन्नड बोलते, ऐकून सगळे समजते, पण अर्ज लिहिण्याइतका हात वळलेला नाही. आपण निपाणीकडचे असून मराठी वाचता, असे आपल्या खात्याचे मारुती गार्ड यांनी सांगितले, म्हणून हे धाडस. पतीचे नाव तोंडाने घेत नाही, पण कागदावर त्याशिवाय चालत नाही म्हणून घातले आहे.

१. सदर मोटार लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसे बसतील अशी, परदेशी बनावटीची, शर्यतीच्या गाड्यांच्या जातीची व सन १९८१ ची आहे. ती गोव्याच्या एका डॉक्टर साहेबांची. त्यांच्या भावाने बाहेरदेशातून बोटीने आणलेली. फेब्रुवारीत ते नदी पाहायला गणेशगुडीस आले असता गाडी चढाला दम धरीना, म्हणून त्यांनी ती माझ्या पतीच्या गॅरेजात ठेवली व स्वतः बसने परत गेले. माझे पती आजवर जीप आणि लाकडाचे ट्रक दुरुस्त करत आले. अशी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, "माझ्या कमरेएवढी बी न्हाई गं. खाली शिरायचं तर पालीगत जावं लागतंय."

२. बिघाड कोणता, ते मी त्यांच्याकडून समजून घेतले आहे व माझ्या भाषेत सांगते, कारण आपल्या पंचनाम्यात त्या जागी फक्त 'धुराचा नळा' असे आहे. इंजिनातून निघणारा धूर मागे जाण्याआधी एका लोखंडी डब्यातून जातो. डब्याच्या पोटात बारीक बारीक भोकांचा विटेसारखा ठोकळा असतो, त्यातून धुरातले विष जळून जाते. अशा गाडीला शिसे नसलेले पेट्रोल लागते. ते मोठ्या शहरांतून गेल्या सालापासून मिळू लागले म्हणतात, आमच्या बाजूला नाही. इथे जे मिळते तेच सगळे घालतात, तेच त्या डॉक्टरांनीही घातले. चहाच्या गाळणीला साय धरावी तसे त्या भोकांना शिसे धरले आणि धुराची वाट बंद होत आली. त्यातच एका प्लगची ठिणगी पडत नव्हती, म्हणून न जळलेले पेट्रोल पुढे डब्यात जाऊन तिथे जळे आणि डबा निखाऱ्यासारखा लाल होई. प्लगची गोष्ट माझ्या पतीस तोवर कळलेली नव्हती. डबा चोंदलाय एवढे कळले होते. चढावर गाडी किती ओढते ते पाहण्यासाठी ते तीन मार्चला, रविवारी, ती घेऊन गुंदच्या रस्त्याला आले.

३. आमच्या ओहळापासून दीड मैलावर, किंदळाच्या झाडांच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली. तिथे रस्त्याकडेला सुक्या पाल्याचा ढीग होता. गाडीचे पोट जमिनीपासून वीतभर वर. तापलेला डबा पाल्याला लागला आणि पाला पेटला. त्यांनी गाडी पुढे लोटली, अंगातला शर्ट काढून आग बडवली, हात पोळून घेतले. तरी दीड गुंठा जागा जळाली व खात्याने लावलेली सागाची अकरा रोपे होरपळली. हे खरे आहे आणि ते आम्ही कधी नाकारले नाही. अकरापैकी आठ रोपांना आता बुडातून पालवी फुटली आहे. उरलेल्या तिघांना पती अजून रोज पाणी घालतात, मेलेल्यांना सुद्धा.

४. मारुती गार्ड धूर पाहून आले तेव्हा इंजिन चालू होते, कारण ते बंद केले तर पुन्हा लागेल की नाही याची पतीस खात्री नव्हती. गार्डनी पंचनाम्यात 'वाहन चालू स्थितीत' असे लिहिले, दारांना लाखेचे शिक्के मारले, मग इंजिन बंद करायला एक शिक्का काढला व परत मारला. गाडी बावीस किलोमीटरवरच्या डेपोत न्यायची होती. शिक्का पुन्हा काढून ती शंभर पावले नेली आणि डबा परत लाल झाला. मग ठरले की दोन दिवसांत सोय होईल, तोवर पतीने राखण करावी. गार्ड म्हणाले, "दोन दिसाचा तर परश्न हाय कान्हू, घाल सही." हमीपत्रात शब्द असे आहेत, की वाहन डेपोत पोचेपर्यंत मी त्यास नजरेआड होऊ देणार नाही, कसूर झाल्यास शिक्षेस पात्र राहीन. आज त्या दोन दिवसांपैकी अठ्ठ्याऐंशीवा दिवस आहे.

५. डबा बदलल्याशिवाय गाडी डेपोत जात नाही. पतीने तसा अर्ज केला. आपल्या पहिल्या उत्तरात आले, की डबा हाच आगीचा पुरावा असल्याने वाहन डेपोत येऊन तपासणी होईपर्यंत त्यास हात लावता येणार नाही. मग आम्ही विचारले, बैल जुंपून ओढून आणू काय? गावातल्या चार जोड्या यायला तयार होत्या. बैलांनी मोटार ओढायची म्हणून पोरे आठ दिवस आधीपासून नाचत होती. दुसरे उत्तर आले, की पंचनाम्यात वाहन चालू स्थितीत असल्याचे नमूद आहे, तरी ते चालू स्थितीतच हजर करावे. साहेब, मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ वेळा वाचले. शाळामास्तरांकडून अर्थ करून घेतला. मास्तरांनी चष्मा पुसला व म्हणाले, "दोन्ही बरोबर हैत." मीही तेच म्हणते. दोन्ही बरोबर असल्यानेच माझे माणूस रानात बसले आहे.

६. नवा डबा नाही, असे नाही. डॉक्टर साहेबांनी चिठ्ठी लिहिली होती, की या मॉडेलचा आता कारखान्यात निघत नाही, पण दुसऱ्याचा, तोंडे जुळतील असा, मुंबईत मिळाला. तो एप्रिलच्या शेवटी लाकडी खोक्यात घालून बसने रामनगरला आला. तिथून माझे दीर डोक्यावरून घेऊन आले. आज तो आमच्या माजघरात भाताच्या कणगीखाली आहे, वर सासूबाईंनी पोते टाकले आहे. बदलायला सहा बोल्ट, तीन पुढे, तीन मागे. पती म्हणतात दोन तासांचे काम. फक्त मागचा मधला बोल्ट गंजून बसला आहे, त्याला आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे लागेल. तेल सोडू काय, म्हणून त्यांनी मारुती गार्डना विचारले. गार्डनी कचेरीत विचारले. तेल सोडणे म्हणजे हात लावणेच झाले, असे ठरले. तो बोल्ट रोज थोडा जास्त गंजतो आहे. डबा काढून नुसती सरळ नळी घालायची युक्तीही होते, जीपवाले सर्रास करतात, पण तीही त्याच नियमात बसते, म्हणून तो विषय काढत नाही.

७. पती तिथे कसे राहतात हे कचेरीस कळावे. गाडीच्या आत बसता येत नाही, शिक्के आहेत. त्यांनी शेजारी पाल्याची खोप घातली होती, पण पाला हाच गुन्ह्यातला माल म्हणून ती मोडावी लागली, आता प्लास्टिकचा कागद आहे. छताचे कापड वानरांनी फाडले. मागच्या चाकावर वाळवीने माती चढवली होती. वाळवी काढणे हा बदल धरावा काय, हे विचारण्यात नऊ दिवस गेले व तेवढ्यात ती टायरभर झाली. मारुती गार्ड माणूस वाईट नाहीत. तासभर जवळ बसतात, सुपारी कातरून देतात आणि म्हणतात, "तुजी गाडी हलंना, माजी बदली हलंना. बसू दोगं बी." जीपवाले आता गणेशगुडीस न जाता तिथेच येतात. गेल्या तीन महिन्यांत पतीने त्या वळणावर सात जीपगाड्या दुरुस्त केल्या. त्यातली एक आपल्याच खात्याची होती (दि. ११ एप्रिल, क्लच). दहा पावलांवर ती दुरुस्त होऊन गेली आणि ज्या गाडीसाठी ते बसले आहेत तिच्या एका बोल्टला त्यांना हात लावता येत नाही. रस्त्याने जाणारे टोमणे मारतात, "काय कान्हू, लाल नवरीची पाठराखीण का रं!" ते हसतात. मी जेवणाचा डबा घेऊन गेले असता एकदा मी ऐकले. माझ्याच्याने हसवले नाही.

(बाळ उठले. पुढचे दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.)

८. आता घरची गोष्ट. ती कचेरीच्या कामात बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण ती काढली तर अर्जात काही उरत नाही. आग लागली तेव्हा मला आठवा सरून वर दिवस झाले होते. एकवीस मार्चला मुलगी झाली. आज ती दहा आठवड्यांची आहे आणि तिच्या बापाने तिला पाहिलेले नाही. नर्सबाईच्या वहीत 'कान्हू मिराशी यांची मुलगी' एवढेच आहे, कारण नाव ठेवलेले नाही. आमच्या घरची चाल अशी, की पाळण्यापुढे सुपात तांदूळ पसरतात, त्यात बापाने अनामिकेने नाव काढायचे, आत्याने ते वाचून बाळाच्या कानात सांगायचे, मग बाकीच्यांना कळते. तोवर नाव कोणी उच्चारत नाही, बापसुद्धा नाही. बाप हयात असताना दुसऱ्याचे बोट चालत नाही. बापाला येता येत नाही तर बाळाला न्यावे, असे आपण म्हणाल. तेच मी सासूबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "नाव न्हाई त्या लेकराला रान वळखत न्हाई. शिवंभायेर न्यायचं न्हाई म्हंजे न्हाई." म्हटले, तात्पुरते एखादे ठेवू, मागाहून बदलू. त्यावर त्या म्हणाल्या, "नाव म्हंजे काय दावं हाय, बांदलं आनि सोडलं?" त्यांना दोष कसा देऊ? त्यांची पहिली दोन रानातल्या तापाने गेलेली. तर साहेब, बाप आल्याशिवाय नाव नाही आणि नावाशिवाय बापाकडे जाणे नाही. आमच्या घरात आणि आपल्या कचेरीत एकाच हाताने नियम केलेत असे मला कधी कधी वाटते.

९. आम्ही एक प्रयत्न केला, तो लपवत नाही. चाळीस दिवस झाल्यावर मी सुपात तांदूळ घेऊन गेले. पतीने गाडीकडे तोंड करून, म्हणजे हमीपत्र न मोडता, त्यात नाव काढले. मला म्हणाले, "वाटेत बगू नको हां." वर धोतराचे फडके झाकून दिले. मी ते सूप डोक्यावर घेऊन दीड मैल चालले. आयुष्यात इतकी सावकाश कधी चालले नाही. घागरीतले पाणी सांडले तर परत भरता येते. मुंगी चावली तरी पाय झाडला नाही. ओहळावरचा साकव आमचा ओंडक्या-बांबूंचा, चालताना खालीवर होतो, तिथे तर बसून बसून सरकले. घरी येऊन पाळण्यापुढे सूप ठेवले, सासूबाईंनी दिवा लावला, नणंद पारू कान जवळ नेऊन बसली. फडके काढले तर तांदूळ सपाट. एका कडेला अर्धी वेलांटी राहिली होती. ती कशावरची होती कोण जाणे. पारू म्हणाली, "वैनी, मी काय सांगू कानात?" त्या तांदळाचा भात सासूबाईंनी केला नाही, अजून वेगळे ठेवले आहेत. मी बाळाचा पाय हळदीच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसा काढला व जेवणाच्या डब्यातून तिकडे पाठवला. तो ते डब्याच्या झाकणात ठेवतात. पाय आता त्याहून मोठा झाला आहे, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

१०. तातडी कशाची, तर साकवाची. दरसाल मिरगाच्या आधी गावकरी साकव सोडवून ओंडके वर काढून ठेवतात, नाहीतर ओहळ ते घेऊन जातो. मग दिवाळीपर्यंत पलीकडे जायचे तर डोंगराला वळसा, एका खेपेला अर्धा दिवस. अंगावर पिणारे मूल सोडून मला तेवढे जाता येणार नाही. यंदा गावाने माझ्यासाठी पाच जूनपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. त्यापुढे थांबा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? एकदा साकव सुटला की प्लास्टिकच्या कागदाखाली एकटा माणूस आणि एक गाडी. वर वळणाची दरड गेल्या साली थोडी घसरली होती, तिची नोंद आपल्याच दप्तरी आहे.

११. हे कलम लिहायला मी धजत नव्हते. मघाशी याच जागी आले आणि कागद मिटून ठेवला.

पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ आहे : 'सदर जागी वाहन थांबविण्याचे कारण आरोपीने सांगितले नाही.' आणि जप्तीच्या यादीत अ. क्र. ६ : 'विळा एक, मूठ निळ्या काठाच्या अर्धवट जळलेल्या चिंधीने गुंडाळलेली, मालक अज्ञात.'

तो विळा माझा आहे. चिंधी माझ्या लग्नातल्या निळ्या लुगड्याची आहे. पाल्याचा ढीगही माझा. गोठ्यात जनावरांखाली घालायला आम्ही आमच्या हक्काच्या बेट्टातला, म्हणजे पाल्यासाठी सोडलेल्या रानातला, पाला आणतो, त्याला मनाई नाही. पण त्या दिवशी बोजा डोक्यावर घेतला आणि पोटात कळ आली. मी तो जवळच्या वळणावर, म्हणजे खात्याच्या जागेत, टाकला, वर विळा खोचला आणि घरी आले. विळा खोचलेला ढीग दुसरे कोणी नेत नाही, अशी आमच्यात रीत आहे. हे मी आजवर कोणास सांगितले नाही, कारण ढीग कोणाचा हे कोणी विचारलेच नाही. आणि माझ्याच ढिगाला आग लागली हे मलाही ठाऊक नव्हते. मला वाटत होते माझा ढीग त्याच्या अलीकडचा. बाळंतिणीच्या खोलीतून मी उलट निरोप पाठवत होते, की एवढ्या रस्त्यात दुसरी जागा नव्हती काय गाडी उभी करायला? पारू निरोप देऊन येई आणि सांगे, "दादा नुसता हसतोय."

मास्तरांनी यादी वाचून दाखवली तेव्हा मला कळले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले आणि विचारले. ते म्हणाले, "विळा वळखला मी. तू असली अवघडलेली, बोजा कोन उचलनार? म्हनलं मागं सरून लाल गाडीत घालू, साकवापातूर तरी आनू. लाल गाडीतनं पाला येतोय बगून हसशील तेवढीच." म्हणजे ते ढिगाला टेकवून थांबले ते मुद्दाम. दोन माणसांच्या शर्यतीच्या गाडीत गोठ्याचा पाला भरायला. गार्डनी कारण विचारले, तेव्हा ते सांगितले तर पाला कोणाचा हे निघेल आणि पोटुशी बायको कचेरीत जाईल, म्हणून गप्प बसले. ते अजूनही गप्पच आहेत. मी हे लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. कळले तर रागावतील, पण रागावायला तरी घरी येऊ देत.

१२. तरी विनंती अशी, की

(अ) मागल्या मधल्या बोल्टला तेल सोडण्याची परवानगी हा अर्ज पोचेल त्या दिवशीच तोंडी द्यावी. बाकीचा निर्णय मागाहून झाला तरी चालेल, तेवढे तेल मुरेल.

(ब) मारुती गार्डांच्या समक्ष जुना डबा काढून, त्यावर शिक्का मारून, पुरावा म्हणून कचेरीने ताब्यात घ्यावा व नवा बसवू द्यावा. प्लगही पती त्याच वेळी बदलतील, नाहीतर नवा डबाही तसाच जळेल. डेपोपर्यंतच्या बावीस किलोमीटरला साध्या पेट्रोलने तो काही चोंदणार नाही असे ते म्हणतात. मग गाडी चालू स्थितीत हजर होईल व पंचनामाही खरा ठरेल.

(क) हे दोन्ही नियमात बसत नसेल तर गुन्ह्यात पतीच्या जागी माझे नाव घालावे. ढीग माझा, विळा माझा, जागा चुकवली ती मी. हमीपत्र माझ्या नावाने लिहून घ्यावे. पतीस एक दिवस घरी सोडावे, ते सुपात नाव काढतील. नाव झाले की बाळाला शीव ओलांडता येईल, मग मी बाळाला घेऊन गाडीजवळ बसेन आणि ते घरी आमच्या थोरल्या मुलीजवळ राहतील. मला गाडी नजरेआड न होऊ देता बाळाला पाजता येते. थोरलीला मी उभ्याने, चालताना, भात लावतानाही पाजले आहे. वाळवीवर लक्ष ठेवेन. रोपांना पाणी घालीन.

(ड) याहून वेगळा काही मार्ग आपल्याला सुचत असेल तर तोच करावा. मला आता सुचत नाही. मागच्या बुधवारी मी स्वतः कचेरीत आले होते, दोन तासांसाठी बाळाला सासूबाईंकडे ठेवून. कारकुनांनी बसायला सांगितले, पाणी दिले व म्हणाले, "फाईल सायबांच्या टेबलावर हाय बाई, आनि साहेब रानात हैत." माझी छाती भरून आली, अंगावरचा पदर ओला झाला, म्हणून थांबता आले नाही. आपण रानात गेला होता तर त्या वळणावरून गेला असाल. प्लास्टिकच्या कागदाखालून जो माणूस उठून उभा राहिला असेल, तो आमचा.

चूकभूल पदरात घ्यावी. ज्या गोष्टी सांगू नयेत त्या सांगितल्या असतील, तर त्या आपल्यापाशीच ठेवाव्यात.

आपल्या उत्तराकडे नम्रपणे डोळे लावून बसलेली,

(सही) गिरजा कान्हू मिराशी
कुंभेली, दि. ३० मे १९९६

सोबत :
१. हमीपत्राची नक्कल.
२. पंचनामा व जप्ती यादीची नक्कल (अ. क्र. ६ खाली मी रेघ मारली आहे).
३. आपल्या कचेरीची दोन उत्तरे.
४. डॉक्टर साहेबांची चिठ्ठी.
५. निळ्या लुगड्याच्या काठाचा तुकडा, विळ्याच्या मुठीशी ताडून पाहण्यासाठी.

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी शब्द सुटला की काय म्हणून अर्ज हळू आवाजात एकदा वाचला. माझी थोरली फुला, वय चार वर्षे, निजली आहे असे मी समजत होते. ती जागीच होती. कलम बाराचा (क) तिने मला दोनदा वाचायला लावला. मग उठून बसली, डोळे चोळले आणि विचारले, "आये, तू तिकडं बसलीस, तर तुला सोडा म्हनून अर्ज कोन लिवनार?"